भोकर म्हणण्याची शास्त्रोक्त कृती

साहित्य : एक तोंड (दात शाबूत असल्यास उत्तम), एक आरसा, वहीचे अर्धे पान आणि एकांत. यातला एकांत सर्वांत महत्त्वाचा. गळ्यावर बोट ठेवून भ-भ-भ करत बसलेला माणूस भोकर गावात कुणाला दिसला, तर त्याला जीपमध्ये घालून नांदेडला हलवायची तयारी सुरू होते.

सरावाआधी तोंडातला विडा थुंकून यावे. ही सूचना स्वच्छतेसाठी नसून शास्त्रासाठी आहे. तोंड भरलेल्या माणसाचे ओठ रस अडवण्यात गुंतलेले असतात आणि जिभेचे टोक चोथा सांभाळण्यात. म्हणजे पवर्ग गेला, तवर्ग गेला, टवर्गाची तर आशाच नको. मान वर करून क, ग आणि ह एवढ्यावर भागवावे लागते. तेवढ्या भांडवलावर निवडणुकीचे अख्खे विश्लेषण करणारे लोक तालुक्यात आहेत. पण तो पुढचा अभ्यासक्रम झाला.

आता कृती. ओठ मिटा, गळ्यावर बोट ठेवा आणि 'भ' सोडा. बोटाला थरथर लागली पाहिजे. त्या स्वरतंत्री. त्या थरथरल्या की ध्वनी घोष, गप्प राहिल्या की अघोष. त्याच वेळी तोंडासमोर धरलेले पान हलले पाहिजे. हलले तर महाप्राण. नुसतेच थबकून राहिले तर तुम्ही 'ब' म्हणालात आणि गावाचे नाव बोकर झाले. घोष आणि महाप्राण एकदम सांभाळणे हे महागडे काम आहे. इंग्रजीला ते परवडत नाही, तमिळला परवडत नाही. आपल्याकडे मात्र हद्दीपलीकडच्या तेलंगणात जायचे, तर तिथेही पुढे भैंसा गावच उभे!

पुढचा 'ओ' आरशात बघून म्हणावा. ओठ गोल झाले नाहीत तर तो ओ नव्हे. 'क'साठी जिभेची मागची बाजू मऊ टाळूला टेकते, स्वरतंत्री क्षणभर सुट्टीवर जातात. शाळेत क हा कंठ्य म्हणून पाठ केला असेल, तरी कंठात शोधत बसू नये. तो मऊ टाळूवरच सापडतो. 'र'ला जिभेचे टोक वरच्या दातांमागच्या उंचवट्याला निसटता स्पर्श करते. आणि शेवटचा अ? तो म्हणायचाच नाही. लिहायचे भोकर, म्हणायचे भोकर्.

एवढ्यात तुम्ही ओठांपासून मऊ टाळूपर्यंत जाऊन परत आलात. हाच प्रवास बाराखडीच्या आधी मास्तरांनी तालावर घडवला होता, फक्त सांगितले नव्हते. क च ट त प : आतून बाहेर, टाळूपासून ओठांपर्यंत पाच मुक्काम आणि प्रत्येक मुक्कामी पाच ध्वनी. वेद उच्चारात बिघडू नयेत म्हणून प्रातिशाख्ये म्हणजे उच्चाराचे जुने ग्रंथ लिहिणाऱ्यांनी तोंडाचे हे सर्वेक्षण करून ठेवले. पुढे 1886 मध्ये पॅरिसला भाषाशिक्षकांनी आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटना काढली. तिच्या तक्त्यातही हेच मुक्काम आहेत, फक्त उलट : ते ओठांतून शिरून गळ्यात उतरतात.

तरीही अक्षरांवर फार विसंबू नये. 'माझा' म्हणून थांबा, मग 'माझी' म्हणा. लिहिताना झ एकच, पण माझाचा झ दातांच्या मुळाशी घासतो आणि माझीचा सरकून टाळूवर चढतो. 'चारा' आणि 'चार' यांचेही तेच. बाहेरचा माणूस पुस्तकावरून मराठी शिकला की इथे हमखास पकडला जातो. बाजारात दुसरी गंमत. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या मुलखात दखनी कानावर पडतेच. उर्दूतला क़ पडजिभेपाशी निघतो. दखनीने तो घोटाळा मिटवला आणि क़लमची सरळ ख़लम केली.

काही ध्वनींना तर अक्षरच नाही. वर्णमाला सगळी बाहेर पडणाऱ्या श्वासावर चालते. ठेचा लागल्यावरचा 'स्स्स' आत ओढलेल्या हवेवर. कुणाचे वाईट झाले की जीभ दातांमागे चिकटवून, ओढून सोडतो तो 'च्च्' तर फुप्फुसांची मदतच घेत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा भाषांत असे ध्वनी शब्दांत बसतात, त्यांना रीतसर अक्षरे आहेत. आपण ते हळहळीला आणि जनावरे हाकायला ठेवले. माझ्या मते बैलांना भाषेचा हा भाग जास्त नीट कळतो.

शेवटची सूचना पुण्याला जाणाऱ्यांसाठी. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत ण नाही, न आहे. तुम्ही 'पानी' मागाल आणि समोरचा ओठ दाबून हसेल. जिभेचे टोक मागे वळायचे ते वळले नाही, एवढाच गुन्हा. घाबरू नये. त्याला 'षटकार' म्हणायला सांगावे. ष हा ट च्याच जागेचा, मूर्धन्य. त्यासाठीही जीभ मागे वळावी लागते. तो बहुधा 'शटकार' म्हणेल. मग 'ऋषी' विचारावा, 'रुशी' येईल. गुण कापावेत, दोघांचेही सारखेच.