प्रकृतीच्या कारणास्तव

वाईनच्या सहलीला निघालेल्या मराठी माणसाचा पहिला थांबा देवळाचा असतो. आमच्या सहलीच्या पत्रकावर तरी तसंच छापलं होतं. सकाळी त्र्यंबकेश्वर दर्शन, मग चुलीवरची मिसळ, दुपारी 'द्राक्षबागेत माहितीपूर्ण फेरफटका', आणि सगळ्यात खाली, बारीक टायपात, कंसात, 'रसास्वाद (ऐच्छिक)'. ऐच्छिक गोष्टींवर माझा लहानपणापासून विश्वास नाही. आमच्या शाळेत स्काउट ऐच्छिक होतं आणि न येणाऱ्याला छडी होती.

बस पहाटे ठाण्याहून सुटली आणि कसारा घाट चढेपर्यंत एक गोष्ट स्वच्छ झाली: या बसमध्ये प्यायला म्हणून कोणीच आलेलं नव्हतं. दाजी हृदयासाठी निघाले होते. "डॉक्टरांनीच सांगितलंय, थोडी रेड वाईन हृदयाला चांगली." कोणत्या डॉक्टरांनी, असं माझ्या बहिणीने खोदून विचारल्यावर ते डॉक्टर दातांचे निघाले. मद्याचं कुठलंच प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या जानेवारीत जाहीर करून टाकलं आहे. पण दाजी वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचायला घेतात आणि क्रिकेटच्या पुढे त्यांना सहसा जाता येत नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी शेतकऱ्यांसाठी निघाले होते. २०२२च्या जानेवारीत राज्य सरकारने सुपरमार्केटात वाईन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा द्राक्ष उत्पादकांचं भलं होईल हेच कारण पुढे केलं होतं. विरोधकांनी 'मद्यराष्ट्र' म्हणून रान उठवलं, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि वाईन काही डाळ-तांदळाच्या शेजारी येऊन बसली नाही. बाकीचं राज्य तो निर्णय विसरलं. सेक्रेटरींनी मात्र मनावर घेतला. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर 'अभ्यास' करायला आले होते आणि त्यासाठी बँकेचीच डायरी आणली होती. आत्याला त्र्यंबकराजाचं दर्शन हवं होतं. मी लेख लिहिणार होतो. ही सगळ्यात सोयीची सबब आहे, लेखकाला कुठेही शिरता येतं.

"आणि वहिनी, तुम्ही?" सेक्रेटरींनी आमच्या हिला विचारलं.

"मला प्यायचीय," ही म्हणाली.

बसमध्ये शांतता पसरली. ड्रायव्हरने आरशातून मागे बघितलं. बहिणीने घाईघाईने सगळ्यांना शेंगदाण्याचे लाडू वाटले.

खरं तर यात आम्हा लोकांचा दोष नाही, कायद्यानेच ही सवय लावलेली आहे. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि त्याप्रमाणे पिणाऱ्याला परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांत, जन्मभराचा हजारात. हा परवाना सरकार कशासाठी देतं? मजेसाठी नाही. परवानाधारकाची प्रकृती सांभाळण्यासाठी! मॅनेजरसाहेबांनी आपला जन्मभराचा परवाना पाकिटातून काढून दाखवला; तो त्यांनी अर्थातच अभ्यासासाठी काढला होता. हे कळल्यापासून माझी नजर बदलली आहे. लग्नाच्या हॉलमागे, गणपतीच्या मांडवाआड, थर्टी फर्स्टला गच्चीवर टाकीच्या बाजूला मी आजवर जी माणसं बघितली, ती सगळी उपचार घेत होती.

दर्शन झालं. रांग रविवारची होती, तिच्याबद्दल न लिहिणंच बरं. फक्त बाहेर आल्यावर ब्रह्मगिरीकडे हात करून सेक्रेटरींनी एक भूगोल सांगितला, तो नोंदवण्यासारखा आहे. गोदावरी इथे उगम पावते, पुढे गंगापूर धरणात अडते, आणि नाशिकच्या गाजलेल्या वाईनरीज त्याच धरणाच्या आसपास आहेत. "म्हणजे बघा," ते म्हणाले, "एका अर्थी तीर्थच." आत्याने त्यांच्याकडे असं बघितलं की ते मिसळीपर्यंत गप्प राहिले.

मिसळीबद्दल तक्रार नाही. मिसळ उत्तम होती. तर्री लालभडक, वर पापड, शेवटी दही आणि जिलबी. तक्रार क्रमाबद्दल आहे. आमची गाईड, निफाडकडची एक चुणचुणीत मुलगी, बागेच्या फाटकाशी उभी होती. आमच्या शर्टांवरचे शिंतोडे बघून तिचा चेहरा पडला. "मिसळ खाऊन आलात?" तिने विचारलं. "दोन-दोन," दाजी अभिमानाने म्हणाले. तिखटाने भाजलेल्या जिभेवर वाईन आणखी झोंबते आणि तिची मूळ चव हाती लागत नाही, हे तिने फार सभ्य शब्दांत सांगितलं. "पाणी प्या, भरपूर," एवढाच उपाय होता. पुढचा तासभर आमचा अख्खा गट बागेत कमी आणि स्वच्छतागृहाच्या रांगेत जास्त होता.

पण बाग तिने दाखवावी आणि आपण बघावी. फेब्रुवारीचे दिवस, काढणी चालू होती. काढणी पहाटे किंवा रात्रीच उरकतात, द्राक्षं गार असतानाच ती आत गेलेली बरी असतात. त्यामुळे आम्हाला दिसल्या त्या अर्ध्या रिकाम्या ओळी आणि रिकामे क्रेट. युरोपातली वेल थंडीत झोपते, त्यामुळे तिला वर्षातून एक छाटणी पुरते; आपल्याकडची वेल झोपतच नाही. मग एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरला की गोडी छाटणी, आणि पीक मात्र एकच. "म्हणजे दोनदा न्हाव्याकडे जायचं आणि लग्नाला एकदाच," मॅनेजर म्हणाले आणि त्यांनी स्वतःचं वाक्य डायरीत लिहून घेतलं.

मग तिने शिराझचा एक घड हातात दिला. बाजारातली द्राक्षं बघायची सवय असलेल्या माणसाला हा घड बघून दया येते. मणी बारके, साल जाड, आत बिया. "आमच्या पप्पांची थॉमसन आहे, खायची," ती म्हणाली. "त्यांनी हे बघितलं की म्हणतात, असल्या मण्यांना व्यापारी बांधावरूनच परत जाईल." थॉमसनचा मणी फुगावा म्हणून विरळणी करायची, घड जीए या संप्रेरकाच्या पाण्यात बुडवायचे, भुरी आणि डाऊनी या रोगांवरच्या फवारण्या सांभाळायच्या, आणि एवढं करून ऐन वेळी अवकाळी आला की मणी तडकणार. वाईनच्या द्राक्षाचं उलटं. मणी जितका लहान तितकं साल जास्त, आणि रंग सगळा सालात. हे तिने नुसतं सांगितलं नाही. तिने आत्याच्या तळहातावर एक काळाभोर मणी ठेवला. "दाबा आजी." आत्याने चिमटीत दाबला. रस आला तो पांढुरका, जवळजवळ पाण्यासारखा. आत्याने तळहात उन्हात धरून बघितला, मग साल दोन बोटांत चोळलं, आणि तिची बोटं जांभळी झाली. "म्हणजे सालं काढली की पांढरी आणि सालासकट मुरवली की लाल," आत्या म्हणाली. गाईडला पुढची पाच मिनिटं सांगायला काही उरलं नाही.

ती संधी सेक्रेटरींनी साधली. "बाळा, आम्ही जितकी वाईन घेऊ तितका शेतकऱ्याला आधार, बरोबर ना?"

मुलगी हसली. "काका, नाशिकची बहुतेक द्राक्षं खायचीच असतात. वाईनला जातो तो फारच थोडा भाग. तुम्ही द्राक्षं खाल्लीत तरी चालेल की."

सेक्रेटरींचा चेहरा त्या क्षणी मला वाचता आला असता, पण त्यांनी टोपी पुढे ओढली.

आत गेल्यावर इतिहास झाला. शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात नारायणगावला फेसाळ वाईन काढली. पुढे नव्वदच्या दशकात राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकला आले आणि आईच्या सुलभा या नावावरून त्यांनी 'सुला' उभी केली. तिची पहिली वाईन २००० साली आली, आणि २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं. "सुलभा!" आत्या म्हणाली. "आमच्या वर्गात चार होत्या. एकीच्याही नावाची बाटली निघेल असं वाटलं नव्हतं." शेजारच्या 'यॉर्क'चं नाव तर मालकांच्या तीन मुलांच्या नावांतून जुळवलेलं आहे. ते ऐकून आम्हा सगळ्यांना एकदम घरच्यासारखं वाटलं. विलायती वाटणाऱ्या पाटीमागे पोरांच्या नावांची आद्याक्षरं असणं ही आपल्या बंगल्यांची जुनी रीत.

मग मोठमोठ्या स्टीलच्या टाक्या. यीस्ट साखर खातं, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, टाकी गार ठेवावी लागते, वगैरे. इथे आत्याने हात वर केला. आत्याच्या सासरी वैद्यकी होती.

"आम्ही धायटीची फुलं घालायचो."

"कशात, आजी?"

"द्राक्षासवात. मनुकांचा काढा, गूळ, वर धायटीची फुलं. तोंड कापडमातीने बंद करायचं आणि महिनाभर हलवायचं नाही. झोपताना दोन चमचे, तितकंच पाणी घालून. पचनाला."

मुलीचे डोळे चमकले. धायटीच्या फुलांवर यीस्ट असतंच, ती म्हणाली, आणि आसवांमध्ये आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो, पाच ते दहा टक्क्यांपर्यंत, बाटलीवर तसं छापलेलं असतं. "म्हणजे आजी, तुम्ही वाईनच करत होतात!"

"वाट्टेल ते बोलू नकोस," आत्या म्हणाली. "ते औषध आहे."

तळघरात ओकची पिंपं होती. २२५ लिटरचं एक, म्हणजे बरोबर तीनशे बाटल्या. हा भागाकार मॅनेजरसाहेबांनी तोंडी केला आणि मग वाईन मुरत असताना पिंपात अडकलेल्या भांडवलावर व्याज किती, या विचाराने ते खिन्न झाले. अंधार, गारवा, ओल्या लाकडाचा वास. मला तिथे फार बरं वाटलं. व्याजाचं गणित सुटेपर्यंत आम्हाला कोणी वर नेलं नाही.

आणि अखेर ऐच्छिक विषय. लांब टेबल, प्रत्येकासमोर एक पेला, मध्ये खारी बिस्किटं आणि एक चकचकीत बादली. बादली कशाला, हे कोणालाच कळेना. चव घेऊन झाली की उरलेली त्यात ओतायची, हवं तर तोंडातलीही थुंकायची, असं कळल्यावर टेबलावर हलकल्लोळ माजला. "पैसे भरलेत आम्ही!" दाजी म्हणाले. आत्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. "पिकदाणी आहे ती. आमच्या सासऱ्यांची पितळेची होती." बादली शेवटपर्यंत कोरडी राहिली. आमच्या आधीच्या गटाचीही राहिली असावी, इतकी ती चकचकीत होती.

आधी बघायची, मग फिरवायची, मग हुंगायची, मग एक घोट. सॉव्हिन्यो ब्लाँमध्ये ढोबळी मिरची आणि कापलेल्या गवताचा वास येतो, गाईड म्हणाली. आम्ही सगळ्यांनी नाकं बुडवली. सेक्रेटरींना मिसळीचा आला. मॅनेजरांना 'काहीतरी ओळखीचा' आला आणि ते बराच वेळ डोळे मिटून बसले. शनँ ब्लाँमध्ये पेरू होता, तो मलाही सापडला, खोटं नाही सांगत. शिराझमध्ये काळी मिरी. कॅबर्ने सॉव्हिन्योचा घोट घेतल्यावर दाजींच्या तोंडाला कच्च्या सुपारीइतकी तुरट मिठी बसली. ते टॅनिन, असं त्यांना सांगण्यात आलं. "हेच हृदयाला चांगलं," दाजी म्हणाले आणि त्यांनी बहिणीचा पेलाही हृदयाकडे वळवला. एरवी हॉटेलातल्या आमटीला नावं ठेवणारे आम्ही लोक, एकाही पेल्याला वाईट म्हणालो नाही. पैसे भरलेले आणि चूक सांगायची हिंमत नाही, अशी ती अवस्था होती.

हिने सगळ्या शांतपणे घेतल्या, प्रत्येकीचा घोट तोंडात धरून. मग गाईडला म्हणाली, "दुसरी चांगली होती, पण अजून गार हवी. ती एक पूर्ण ग्लास मिळेल? वेगळे पैसे देते." मुलीने तिच्यासमोर ग्लास ठेवला आणि त्या दुपारी पहिल्यांदाच तिचा चेहरा खुलला.

आत्याने शेवटची, उशिरा काढणी केलेल्या द्राक्षांची गोड वाईन तेवढी जिभेला लावली. "चांगलं आहे," ती म्हणाली. "धायटी कमी पडलीय."

परतीच्या बसमध्ये प्रत्येकाच्या पिशवीत चिवडा, मनुका आणि एकेक लांबट पुडकं होतं. ठाण्याला उतरलो तेव्हा रात्र झाली होती आणि लिफ्टपाशी नेमके समोरच्या विंगचे काका भेटले. गळ्यात तुळशीची माळ, हातात दुधाची पिशवी.

"काय, त्र्यंबकेश्वर? प्रसाद आणलात की नाही?"

सेक्रेटरींनी घाईने पेढ्यांचा पुडा काढला. पिशवीत काहीतरी खणकन वाजलं.

"गंगा आहे," दाजी म्हणाले. "गोदावरीचं पाणी."

"एवढ्या उंच बाटलीत?" आत्याने विचारलं. तिचा हेतू मला आजवर कळलेला नाही.

"शिराझ आहे, काका," आमची ही म्हणाली. "पुढच्या रविवारी उघडणार आहे. भजी करतेय. या."

काकांनी पेढा तोंडात टाकला, माळेला हात लावला. "नाही हो, आमच्याकडे कोणी घेत नाही." लिफ्टचं दार लागत आलं होतं, त्यांनी ते पायाने अडवलं. "किती वाजता?"