साडूच्या गळ्यात गाडी

वहिनी, कपडे नंतर वाळत घाला. इकडे या आधी, गडग्यापाशी. समोरची गाडी काल पुन्हा टोचन लावून आली, पाहिलीत का? पार बहादूरशेख नाक्यापासून! पुढच्या जीपमध्ये भाऊ मान खाली घालून बसलेले आणि मागे त्यांचा मुलगा स्टिअरिंग धरून देवाचं नाव घेतोय. आमचे हे अंगणात उभे होते, ते बघूनच ओरडले, "अरे, ब्रेक नसलेली गाडी दोरीनं ओढतात का? पुढचा थांबला की ही त्याच्या पाठीत!" क्रेन बोलवायची तर पैसे पडतात ना, म्हणून दोरी.

नाही हो, लागलं नाही कुणाला. पेडल खाली बसलं, पण थोडा ब्रेक लागला म्हणे. मला वाटलं नशीब. तर हे म्हणाले, नशीब कसलं, ब्रेक ऑइलच्या दोन लाइनी असतात. या छोट्या गाड्यांना बहुतेक तिरक्या. एक लाइन पुढच्या डाव्या नि मागच्या उजव्या चाकाला, दुसरी उरलेल्या दोन चाकांना. एक गळाली तरी दुसरी निम्माशिम्मा ब्रेक देते. तेवढ्यावर भाऊ आज घरी बसून चहा पिताहेत. आमच्या ह्यांचं उभं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपात गेलंय, त्यामुळे आमच्याकडे जेवताना आमटीपेक्षा ब्रेकचाच विषय जास्त. मलाही आता अर्धं-अधिक पाठ झालंय.

किती वेळा म्हणता? मोजायचं मी सोडलं. पहिल्यांदा पेडल स्पंजी झालं, दोनदा दाबल्याशिवाय ब्रेक लागेना. नाक्यावरच्या गॅरेजवाल्यानं पुढचे पॅड बदलले. मग ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायला लागली. दुसऱ्यानं मागचे लायनर बदलले. मग देवरुखला लग्नाला निघाले तर चाकातून जळका वास, डिस्क हात लावू नये इतकी तापलेली. कॅलिपरचा पिस्टन अडकला होता, मागेच जाईना. तिसऱ्यानं पॉलिश पेपर मारून तोच परत बसवला. मग मास्टर सिलिंडरचं किट. आणि प्रत्येक खेपेला ऑइल वरून ओतायचं! गळतंय कुठून ते बघायचं नाही, पातळी कमी झाली की ओत बाटली. पॅड झिजले की पातळी थोडी उतरतेच, ते वेगळं. पण महिन्या-महिन्याला उतरायला लागली तर ते ऑइल कुठे तरी जातंय की नाही? हवेत तर उडत नाही ना!

समोरच्या ताईंनी भिशीचे पैसे घातलेत हो त्या गाडीत. म्हणून तर त्या गाडीबद्दल कुणी बोललं की त्यांना झोंबतं. परवा मी नुसतं म्हटलं, "गॅरेजला का गाडी?" तर म्हणाल्या, "सर्व्हिसिंगला दिलीय." सर्व्हिसिंग!

खरी मेख तुम्हाला माहीतच नाही. त्यांची आधीची गाडी २२ जुलै २०२१ ला गेली, आपल्या पुरात. वाशिष्ठी घरात शिरली तेव्हा गाडी कोण बघतो? मग भाऊंनी पण केला, की आता चिपळुणातली जुनी गाडी घ्यायचीच नाही, सगळ्या पुरातल्या. बरोबरच होतं ते. एजंटनं एमएच १० दाखवली. सांगलीची गाडी, घाटावरची, खारी हवा लागलेली नाही, पत्रा बघा कसा खणखणीत. २०१० चं मॉडेल, रंग नवा, आत अत्तराचा वास. भाऊ खूश! आणि ऑगस्ट २०१९ ला कृष्णेनं सांगलीत काय केलं ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आपल्या पुरात एक गाडी घालवली आणि दुसऱ्याच्या पुरातली पैसे मोजून आणली.

आमच्या ह्यांना कसं कळलं? मागच्या सीटचा पट्टा. बसताना आपण हातभर ओढतो, बाकीचा आत गुंडाळलेलाच राहतो. ह्यांनी तो हळूहळू पूर्ण बाहेर ओढला, तर शेवटची वीतभर पट्टी तांबूस. गाळाची रेघ सरळ आखल्यासारखी. धुणाऱ्यानं सीट धुतली, कार्पेट बदललं, अत्तर मारलं. पट्टा कुणी शेवटपर्यंत ओढत नाही. मग सीटखालची पट्टी बघितली, ती गंजलेली. भाऊंचं तोंड बघवत नव्हतं.

मागल्या रविवारी मग ह्यांनी स्वतःच चाक खोललं. पाटावर बसून, मी टॉर्च धरून. मागचा ड्रम निघता निघेना. हातोडीनं चहूबाजूंनी ठोकलं तेव्हा सुटला. आत बघते तर लायनर ओलेचिंब! ओल्या लायनरवर ब्रेक लागेल कसा? चाकाच्या आत वर एक बोटभर सिलिंडर असतो, त्याच्या टोकाला रबरी टोपी. ती ह्यांनी स्क्रूड्रायव्हरनं अलगद उचलली, तर आतून ऑइल ठिबकायला लागलं. मग पिस्टन काढला आणि मला म्हणाले, "बोट घालून बघ." आत गुळगुळीत हवं ना? खरखरीत लागत होतं, बारीक बारीक खड्डे. गंजाचे. हे म्हणाले, यात नवं रबर घालून उपयोग काय, पिस्टन पुढेमागे होताना ते खड्डे रबर तासून काढणार. थोडे दिवस बरं चालेल, पुन्हा गळेल. दुकानदार किट विकेल, गॅरेजवाला मजुरी घेईल, आणि भाऊ म्हणतील, गाडीच अवलक्षणी!

आणि ते ऑइल! नवं ब्रेक ऑइल फिकट पिवळं असतं. त्या गाडीतनं निघालं ते कोऱ्या चहासारखं. पाणी ओढून घेतं म्हणे हे ऑइल, पुरातच नव्हे, नुसत्या दमट हवेतलंही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मिठाच्या डबीला पाणी सुटतं, तिथे ऑइलची काय कथा. डॉट ४ नावाचं जे मिळतं ते नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये, असा दंडक आहे. त्यात शंभराला साडेतीन-चार भाग पाणी गेलं की १५५ वर उकळलं तरी चालतं. घाटात ब्रेक तापले की आतल्या आत वाफ होते, वाफ दबते, आणि पाय थेट फळीला टेकतो. म्हणून दर दोन वर्षांनी सगळं ऑइल काढून नवं भरायचं, चारही चाकांचे निपल सोडून एअर काढायची. आळीत कितीजण करतात हे, विचारा बरं! इंजिन ऑइल मात्र सगळे वेळेवर बदलतात.

एक महाभाग तर आहेत खालच्या आळीत, नाव नको. ब्रेक ऑइल संपलं म्हणून त्यांनी टाकीत इंजिन ऑइल ओतलं. म्हणे ऑइल ते ऑइल! झाडून सगळी रबरं फुगली. चारही चाकं जॅम. टाकीच्या झाकणावर कुठलं ऑइल घालायचं ते ठळक अक्षरात असतं हो, पण वाचतो कोण!

बरं, मुद्दा काय, तर आता घरात दोन तट पडलेत. मुलगा म्हणतो, बाबा, काढून टाका, पंधरा वर्षं झाली, आता ही भंगारातच द्यावी लागते. ते चूक. तो नियम दिल्लीकडचा. आपल्याकडे पंधरा वर्षांनी गाडी पासिंगला न्यायची, पास झाली तर आरसी पाच वर्षं पुढे. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० ची ५,००० झाली, वर पर्यावरण कर. आणि पासिंगला ब्रेक बघतातच.

आमच्या ह्यांचं मत विचाराल तर नुसत्या ब्रेकपायी गाडी कुणी टाकू नये. दोन्ही मागचे सिलिंडर नवे, किट नव्हे, अख्खे सिलिंडर. पुढचे दोन्ही कॅलिपर, चारही रबरी नळ्या, मास्टर सिलिंडर, लायनर, ऑइल. सगळं एका दमात, एकाच माणसाकडून. नळ्यांचं तर कुणाच्या डोक्यातच येत नाही. बाहेरून धडधाकट, आतून फुगलेल्या. दाबलं की ऑइल जातं, सोडलं तरी परत येत नाही, चाक ब्रेक धरून बसतं. ह्यांच्या अंदाजानं दहा-बारा हजारांचं काम. एवढे तर भाऊंनी आतापर्यंत सुटेसुटे घालवले असतील.

पण हे पुढचंही म्हणाले. ब्रेक दुरुस्त होईल, पाणी प्यायलेल्या वायरिंगचं काय? गाडीखाली आडवे झाले तेव्हा ब्रेकच्या पत्र्याच्या पायपावर नख लावलं, तर पापुद्रा निघाला. तळाच्या चॅसीला टोकदार काही टोचलं तर आत जातंय. पाइप नवे घालता येतात, तळ नवा कुठून आणणार? म्हणजे ही गाडी ब्रेकमुळे नव्हे, तळामुळे गेली. नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यायची, प्रमाणपत्र घ्यायचं, नव्या गाडीच्या करात त्याची सूट मिळते. आणि पुन्हा जुनीच घ्यायची तर एप्रिल २०१९ नंतरची बघायची, तेव्हापासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. हे सगळं ह्यांनी भाऊंना शांतपणे समजावलं. भाऊंनी मान डोलावली.

आणि आता ऐका. भाऊ ती गाडी साडूला देताहेत!

हो, तेच ते पाटणचे. ताईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. घरातल्या घरात, स्वस्तात. पट्ट्याचं काही बोलणं नाही, सिलिंडरचं नाही. परवा अंगणात बसून मुलगा टायरांना काळं पॉलिश मारत होता, तेव्हाच मला वास आला. ड्रम जोडून, ऑइल ओतून, एअर काढून गाडी पुन्हा 'ओके'. दोन दिवस पेडल छान घट्ट लागेल, तेवढ्यात व्यवहार उरकायचा.

आणि साडू गाडी नेणार कुठून? पोफळीवरून कुंभार्ली घाटानं! चढताना ठीक. पण ते आठवड्या-पंधरा दिवसांनी बायकोला माहेरी घेऊन उतरणार ना खाली? आणि भाऊंनीच त्यांना युक्ती शिकवलीय, उताराला न्यूट्रल करून इंजिन बंद करायचं, पेट्रोल वाचतं. अहो, इंजिन बंद म्हणजे बुस्टर बंद! आत उरलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा ब्रेक हलका लागतो, मग पेडल दगडासारखं. ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचा आणि ब्रेकला विश्रांती द्यायची, हे आपल्याकडे एसटीच्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक. मोटारवाल्यांना कोण सांगणार!

कागदपत्रं? छे! 'आपल्यातच आहे, सावकाश करू.' फॉर्म २९ नाही, ३० नाही, विम्यावर नाव बदलायचं नाही. माझा पुतण्या वकील आहे रत्नागिरीला. तो म्हणतो, सुप्रीम कोर्टानं २०१८ ला स्पष्ट केलंय, आरटीओच्या नोंदीत नाव ज्याचं, अपघाताच्या भरपाईला मालक तोच. म्हणजे घाटात काही झालं तर कोर्टाचा कागद पाटणला नाही, इथे समोर येणार. हे मी ताईंना सांगायला गेले, तर म्हणाल्या, "तुम्हाला आमचं बरं झालेलं बघवत नाही." घ्या!

नाही, भाऊ माणूस वाईट नाही. पुराच्या रात्री आमच्या सासूबाईंना पाठुंगळी घेऊन माडीवर चढवलं ते त्यांनीच. मी विसरलेली नाही. पण दोनदा हात पोळला की माणसाला वाटतं, आता तिसऱ्याचा पोळू दे. आणि साडू म्हणजे काय, गेल्या वर्षी नवा फ्लॅट घेतला ना त्यांनी, तेव्हापासून भाऊंच्या मनात ते आहेच. ते जाऊ दे.

माझं काय म्हणणं, तुमचं माहेर कराडचं. साडूंच्या आईची नि तुमच्या आईची चांगली ओळख, मागे तुम्हीच सांगितलं होतंत. शनिवारी ते गाडी न्यायला येताहेत. तुम्ही आज दुपारी आईला फोन करा. भाऊंबद्दल एक शब्द बोलू नका, आमच्या ह्यांचं नाव तर अजिबात नको. एवढंच सांगा, की पैसे देण्याआधी मागच्या सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून बघा, आणि गाडी पाटणला नेण्याआधी मागचे दोन्ही ड्रम उघडून दाखवा म्हणावं.