फरक स्पष्ट करा

साहित्य: एक जाडजूड शब्दकोश, एक दोनशे पानी वही आणि चारचौघांत झालेली शोभा पचवण्याची ताकद. पैकी शब्दकोश नसला तरी निभावतं.

पायरी पहिली. सुरुवात स्वतःच्या अंगापासून करावी, म्हणजे बाहेरून काही आणावं लागत नाही. मराठीत हातापायांची मिळून वीस बोटं, सगळी एकाच कुळातली. इंग्रजीत हाताची ती फिंगर, पायाची ती टो. हाताच्या अंगठ्याला थम्ब असं स्वतंत्र नाव आहे. पायाच्या अंगठ्याची मात्र 'बिग टो'वर बोळवण केलेली आहे. 'हात' हा शब्द तर फारच धोक्याचा. आपला हात खांद्यापासून सुरू होतो. इंग्रजांचा हँड मनगटाखालचा, वरचा सगळा आर्म.

हे मला शिकवणीत कुणी सांगितलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी जिन्यावरून घसरून दंडाचं हाड मोडून घेतलं आणि विम्याच्या अर्जात ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'हँड फ्रॅक्चर'. एक्स-रेमध्ये दंड, अर्जात पंजा. आठवड्याने फोन आला.

"सर, हँड की आर्म?"

"हात हो."

"हो, पण कुठला?"

"डावा."

पलीकडच्या बाईंनी सोडलेला सुस्कारा मला स्पष्ट ऐकू आला. पैसे मिळाले, पण तिसऱ्या अर्जानंतर. तेव्हा नवशिक्यांनी आजारी पडण्यापूर्वीच हा धडा पुरा करावा.

पायरी दुसरी, प्राणी. इथे रेंगाळू नये. समुद्रातलं कासव टर्टल, जमिनीवरचं टॉर्टॉइज. वेळासला पिल्लं समुद्रात जाताना बघायला गेलात तर टर्टल म्हणा. शर्यत जिंकलं ते टॉर्टॉइज, आणि हरलेला ससा रॅबिट नव्हे, हेअर. झालं.

रेंगाळायचं ते खाण्याच्या प्राण्यांपाशी. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि फ्रेंच बोलणारे मालक झाले. गोठा राखणारे इंग्रजीच बोलत राहिले. म्हणून गोठ्यात असते ती काउ आणि ताटात येतं ते बीफ. चिखलात लोळतं ते पिग, शिजलं की पोर्क. वॉल्टर स्कॉटने 'आयव्हॅन्हो' कादंबरीत एका विदूषकाच्या तोंडी हीच गंमत घातली आहे. 'मटण' या शब्दाचा प्रवास मला सर्वांत आवडतो. फ्रान्समध्ये तो चरणारी जिवंत मेंढी होता, इंग्लंडमध्ये पोचेपर्यंत मेंढी शिजली आणि आपल्याकडे येऊन तिचा बोकड झाला. यावर मराठी माणसाने हसू नये. आपणही तेच करतो. खुराड्यात असते ती कोंबडी, हॉटेलच्या मेनूकार्डावर चढली की चिकन. गावठी असेल तरच ती रश्श्यातही कोंबडी राहते.

पायरी तिसरी. 'शोध' हा शब्द इंग्रजीत नेण्यापूर्वी जपून. आपल्याकडे न्यूटन गुरुत्वाकर्षणाचा शोध लावतो, बेल टेलिफोनचा शोध लावतो आणि आजोबा चष्म्याचा शोध घेतात. इंग्रजीचा हिशेब वेगळा: आधीपासून होतं आणि कुणाला तरी कळलं, तर डिस्कव्हर; नव्हतंच आणि कुणी तरी घडवलं, तर इन्व्हेंट. आजोबांचं ते नुसतं सर्च, चष्मा कपाळावर मिळाला तर फाइंड. शाळेत आमच्या वर्गातल्या एकाने 'कोलंबसने अमेरिका इन्व्हेंट केली' असं लिहून शून्य मिळवलं होतं. आता मला तो मुलगा तितकासा चुकला असं वाटत नाही. 1492 मध्ये भलत्याच बेटावर उतरून, आपण आशियाच गाठला असं धरून चालायचं आणि तिथल्या माणसांना इंडियन ठरवून मोकळं व्हायचं, हे डिस्कव्हरमध्ये कसं बसवणार?

पायरी चौथी, चोर. इथे फरक कळण्यासाठी भाषेचा कान लागत नाही, अंक मोजता यावे लागतात. 1860 च्या भारतीय दंड संहितेने हे काम फार नेटकं करून ठेवलं आहे. तुमच्या नकळत पाकीट गेलं तर थेफ्ट, म्हणजे चोरी. ते नेताना सुरा दाखवला तर रॉबरी, जबरी चोरी. आणि जबरी चोरी करणारे पाच किंवा अधिक असतील तर डकॉइटी, दरोडा. हा शेवटचा शब्द इंग्रजांनी इथेच, आपल्या डाक्यावरून उचलला. याला काय म्हणायचं ते वरच्या व्याख्यांवरून ठरवा. 2024 च्या जुलैपासून दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, पाचाचा आकडा मात्र राहिला.

कृती अशी: मध्यरात्री दार फुटल्याचा आवाज आला तर ओरडण्याआधी मोजा. चार भरले तर जबरी चोरी. कोपऱ्यात पाचवा उभा असेल आणि तो हात न लावता नुसती मदत करत असेल, तरी त्याला धरायचं. मोजताना अंधारात चूक होण्याची शक्यता आहे, म्हणून हाताची बोटं वापरा. त्यांना फिंगर म्हणतात, हे एव्हाना पाठ झालं असेल.

एवढं झाल्यावर नवशिक्याला इंग्रजी फार श्रीमंत आहे असं वाटू लागतं. त्यावर उतारा म्हणून त्याला शेजारणीकडे पाठवावं. वाटीभर साखर आणली तर ती उसनी, बँकेतून पैसे आणले तर कर्ज, ग्रंथालयातून पुस्तक आणलं तर ते नुसतं वाचायला आणलेलं. इंग्रज या तिन्हींना बॉरो म्हणून मोकळा होतो. परत करण्याची तिन्हींची रीत किती वेगळी! साखर वाटी शिगोशीग भरून द्यायची असते, कर्ज व्याजासकट फेडायचं असतं आणि पुस्तकाबद्दल न बोललेलं बरं.

स्वाध्याय. पुढील वाक्याचं इंग्रजी करा: 'उसनं अवसान आणून तो मुलाखतीला गेला.' वेळ दहा मिनिटं, गुण पाच. अवसान कुणाकडून आणलं आणि परत कधी करायचं, असं परीक्षकाने विचारलं तर विम्याच्या बाईंसारखा सुस्कारा सोडा.