साइड पॅनलची खुंटी

जुन्या मोटरसायकलच्या साइड पॅनलची खुंटी बहुतेक वेळा गाडी उभी असतानाच तुटते. बॅटरी बघायची किंवा एअर फिल्टर काढायचा तर पॅनल उघडावं लागतं. स्क्रू काढल्यावरही ते आतल्या दोन-तीन खुंट्यांवर अडकून असतं. या खुंट्या चासीवरच्या रबरी बुशांत बसवलेल्या असतात, आणि पंधरा-वीस वर्षांत ते रबर ऊन आणि इंजिनची धग खाऊन टणक झालेलं असतं. तिथे साबणाच्या पाण्याचे दोन थेंब सोडायचे, खुंटीच्या मागे बोट घालायचं आणि पॅनल सरळ बाहेर ओढायचं, एवढंच काम. ते कोणी करत नाही. एक कोपरा धरून हिसका दिला जातो आणि कट्‌कन आवाज येतो.

मी मेकॅनिककडे तक्रार केली की उत्तर ठरलेलं असतं. "काही नाही साहेब, केबल टाय मारून देतो." ज्या माणसाने आत्ताच टॅपेटचं अंतर फीलर गेजने मोजलं, त्याच्या लेखी प्लॅस्टिक हा गाडीचा भागच नाही. मला हे मान्य नाही. पॅनल सैल झालं की ते खडखडतं आणि थरथरून उरलेल्या खुंट्यांवर ताण आणतं. मग दुसऱ्या खुंटीच्या मुळाशी चीर पडते, आणि तीच पुढे सरकत वरून दिसू लागते.

राजदूत, येझदी, बुलेट या गाड्यांना पत्र्याची कव्हरं होती. पोचा आला तर ठोकून सरळ करणारा माणूस गावोगाव असे. प्लॅस्टिकची दुरुस्तीही अवघड नाही, पण आधी ते कोणतं प्लॅस्टिक आहे हे बघावं लागतं, आणि बघण्याची तसदी कोणी घेत नाही. पॅनलच्या आतल्या बाजूला बहुधा 'एबीएस' किंवा 'पीपी' अशी अक्षरं साच्यातच उमटवलेली असतात. रंग दिलेली पॅनल्स साधारणपणे एबीएसची असतात, तर काळे, बिनरंगाचे भाग पुष्कळदा पीपीचे. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं. पीपी विरघळत नाही आणि नेहमीचा कुठलाच गोंद त्याला धरत नाही. ते पीपीच्याच कांडीने वितळवून जोडावं लागतं. दोन्हींना सरसकट झटपट चिकटणारा गोंद लावून गिऱ्हाइकाला परत पाठवतात. तो गोंद वाळल्यावर ठिसूळ होतो. इंजिनच्या थरथरीपुढे त्याचा टिकाव लागत नाही, आणि दुसऱ्यांदा जोडायच्या आधी त्याचा पापुद्रा खरवडून काढायचं काम वाढतं.

एबीएसच्या चिरेसाठी त्याच जातीच्या फुटक्या पॅनलचे तुकडे काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये भिजत ठेवावेत. रात्रभरात त्याची दाट पेस्ट होते. चीर जिथे संपते तिथे बारीक भोक पाडावं म्हणजे ती पुढे धावत नाही. आतल्या बाजूने चिरेवर खाच करावी, पेस्ट भरावी आणि निदान एक पूर्ण दिवस हात लावू नये. खुंटीला मात्र नुसती पेस्ट पुरत नाही, कारण दर वेळी ओढ तिच्यावरच येते. तिच्या मुळाशी स्टीलची बारीक जाळी सोल्डरिंग आयर्नने दाबून बसवावी आणि वरून पेस्ट द्यावी. जाळी बसवताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, धूर नाकात जाऊ देऊ नये. ॲसिटोन लगेच पेट घेतं, तेव्हा बाटली आधी दूर ठेवावी. त्याचा थेंब बाहेरच्या बाजूला पडला तर रंग गेलाच.

यावर आणखी दोन उपद्रव आहेत. सर्व्हिसिंगनंतर न विचारता सगळ्या प्लॅस्टिकवर चकाकीचं सिलिकॉन पॉलिश फासतात. ते चिरेत मुरतं आणि मग तिथे पेस्ट धरत नाही, रंगही फाटतो. दुसरा पेट्रोल पंपावरचा. टाकी काठोकाठ भरण्याच्या नादात पेट्रोल ओघळून पॅनलवर येतं. ताणाखाली असलेल्या एबीएसला पेट्रोल सोसत नाही, त्यात बारीक चिरा धरतात. "पुरे" म्हटल्यावर पंपवाल्याने थांबावं एवढीच माझी अपेक्षा आहे.

नवीन पॅनल घ्यावं म्हणून पुण्याच्या नाना पेठेत गेलो. एका दुकानात डाव्या बाजूचं मागितलं तर जोडीच घ्यावी लागेल म्हणाले. माझं उजवं पॅनल धडधाकट आहे, त्याचं मी काय करू? शिवाय मिळत होती ती लोकल. खुंट्या बुशांच्या समोर येत नव्हत्या, आणि रंग जुन्या टाकीशेजारी परका दिसत होता. गाडीचा रंग इतकी वर्षं उन्हात उतरलेला असतो, त्याच्याशी डब्यातला रंग जुळत नाही. म्हणूनच मूळ पॅनल वाचवणं मला महत्त्वाचं वाटतं.

रबरी बुश मात्र सुटे मिळतात, तेही किरकोळ पैशांत. बोटाने काढता-घालता येतात. सर्व्हिसिंगच्या कार्डावर तेल, प्लग, फिल्टर यांच्याखाली 'पॅनलचे बुश बदलणे' ही एक ओळ छापायला काय हरकत आहे?