युनिक नाव पाहिजे: एका आत्याचं अनावृत पत्र

चि. बंधुराज आणि सौ. वहिनी यांस,


बाळाचं नाव ठरवण्यासाठी काढलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मला घेतल्याबद्दल आभार. ताज्या मतदानात कियारा, मायरा, अनाया आणि शनाया अशा चार उमेदवार उभ्या आहेत. चौघीही एकाच पक्षाच्या दिसतात. कुणालाही मत दिलं तरी सरकार तेच येणार, म्हणून मी अजून मतदान केलेलं नाही. ग्रुपवर गप्प राहिलं की 'ताई रागावल्या' असा अर्थ निघतो, म्हणून हे पत्र. आणि सध्या घरोघरी हेच चाललंय, म्हणून ते खुलं.

तुमच्या अटी वाचल्या. नाव अडीच अक्षरांचं हवं. भारतीय हवं, पण जुनाट वाटायला नको. उद्या लेक परदेशी गेली तर तिथल्या माणसाची जीभ अडखळायला नको. अर्थ खोल हवा. अंकशास्त्रात बसायला हवं. आणि मुख्य म्हणजे, आधी कुणीच ठेवलेलं नको. दादा, तुझ्यासाठी स्थळं पाहताना आपण याच्या निम्म्याही अटी घातल्या नव्हत्या. तरी वहिनीसारखी मुलगी मिळाली, हे आपलं नशीब.

जगात कुणाचंच नसलेलं नाव हवं असेल तर ते आपल्या गुरुजींनी केव्हाच काढून दिलंय, तुमचंच लक्ष नाही. बाळाचा जन्म आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणातला. पंचांगात सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, म्हणजे एकशेआठ अक्षरं. आर्द्रेच्या वाट्याला कू, घ, ङ, छ. तिसरं अक्षर कुठलं ते बोटावर मोजून पाहा. 'ङ'वरून सुरू होणारं नाव ठेवलंत तर आपल्या गल्लीतच काय, साऱ्या भरतखंडात दुसरी मुलगी सापडणार नाही. हस्त नक्षत्राला 'ण' येतो, उत्तरा भाद्रपदेला 'ञ'. त्या बाळांच्या आईवडिलांनाही ही सोय आहे, पण अद्याप कुणी फायदा घेतल्याचं ऐकिवात नाही. सगळे नावरस नाव पत्रिकेत ठेवून देतात आणि हाकेचं वेगळं शोधायला मोबाइल उघडतात.

आता मोबाइलविषयी. तुम्ही ज्या ॲपवर रात्री जागवताय, त्याच ॲपवर त्याच रात्री बाकीचे आईबापही जागे असतात, हे तुमच्या लक्षात आलंय का? मी जन्मभर शाळेत हजेरी घेतली. शेवटच्या काही वर्षांतला माझा हजेरीपट ऐका: विहान, विवान, इवान, कियान, रिआन, युवान. एकाला हाक मारली की अख्खा बाक उभा राहायचा. आणि यातल्या प्रत्येकाच्या आईनं प्रवेशाच्या वेळी मला अगदी आवर्जून सांगितलं होतं, "मॅडम, नाव जरा हटके आहे हं, नीट लिहा." त्याच वर्गात एक दत्तात्रय होता. त्याला हाक मारली की एकटाच उठायचा.

त्या ॲपवरचे अर्थही मी वाचून पाहिले. मुलाच्या कुठल्याही नावापुढे 'विष्णूचे एक नाव' आणि मुलीच्या नावापुढे 'देवी लक्ष्मी' किंवा 'सूर्याची पहिली किरणे'. भीष्मांनी शरपंजरी पडून युधिष्ठिराला विष्णूची हजार नावं सांगितली, त्यांना यातली बरीचशी ठाऊक नव्हती असं दिसतं. अर्थ खोलच हवा असेल तर घरात मोल्सवर्थचा कोश पडून आहे. पण त्यात कियारा नाही, हे आधीच सांगून ठेवते.

शनायाबद्दल मात्र एक घरगुती अडचण आहे. 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका २०१६ साली सुरू झाली, तेव्हापासून आईनं ती नेमानं पाहिली आणि पहिल्या भागापासून ती बायकोच्या, म्हणजे राधिकेच्या बाजूनं. नवऱ्याच्या प्रेयसीला, म्हणजे शनायाला उद्देशून आई टीव्हीसमोर बसून काय काय बोलायची ते दादा, तुला आठवत असेलच. आता त्याच तोंडानं तिला नातीला शनाया म्हणायला लावायचं, म्हणजे ज्या बाईला ती इतकी वर्षं घराबाहेर काढत होती तिलाच पाळण्यात घालायचं. आईच्या रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी नुकतीच वाढवली आहे. विचार करा.

तसं तुम्ही काहीही ठेवलंत तरी आईनं तिचं ठरवून टाकलंय. परवा फोनवर म्हणाली, "त्यांचं चालू दे. मी आपली चिमी म्हणणार." आणि हाक तिचीच टिकणार. दिवेलागणीला अंगणाच्या टोकाला उभं राहून, शेजारच्या वाड्यापर्यंत जाईल अशी हाक मारायची तर नावात एक लांब स्वर लागतो. 'चिमेऽऽ' लांब जातं. 'अनाया' ओसरीतच विरतं. ग्रुपवर सुचवणाऱ्या एकानंही ते नाव मोठ्यानं ओरडून पाहिलेलं नाही. सगळ्यांनी टाइप करून पाहिलंय.

शाळेत गेल्यावर नावाचं काय होतं ते तर तुम्हा दोघांना माहीत असून तुम्ही विसरलात. मराठी पोरांना कुठलंही नाव द्या, ती त्याच्या शेवटी 'या' लावून दोन मिनिटांत जमिनीवर आणतात. आमच्या रेयांशचा पहिल्या मधल्या सुट्टीत रेश्या झाला आणि दुसऱ्या सुट्टीत रेड्या. त्याच्या वडिलांनी येऊन तक्रार केली की हे नाव त्यांनी सहा महिने अभ्यास करून काढलं होतं. मी तरी काय करणार? आमच्या वर्गाला दोनच सुट्ट्या लागल्या.

अंकशास्त्रवाल्या गृहस्थांनी इंग्रजीत तीन जादा 'ए' घालायला सांगितल्याचं वहिनी म्हणाली. घाला. भाग्य उजळेल की नाही ते मी सांगू शकत नाही, पण पुढचं सांगते. कुठल्या तरी कार्यालयात ते इंग्रजी स्पेलिंग संगणकात भरलं जाईल, संगणक त्याचं आपणहून मराठी करील आणि तुमच्या अनायाच्या कार्डावर 'आनाआया' असं छापून येईल. मग दुरुस्तीचा अर्ज, मग प्रतिज्ञापत्र, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर राजपत्रात नावबदलाची जाहिरात. हे सगळं करताना दादाला किती रजा लागतील याचं अंकशास्त्र कुणी मांडत नाही.

मी नव्या नावांच्या विरोधात आहे असं समजू नका. नवं नाव कुणीतरी पहिल्यांदा ठेवतंच. रमेश तेंडुलकरांना सचिनदेव बर्मन आवडायचे, म्हणून १९७३ साली घरात सचिन आला. मराठीच्या प्राध्यापकानं बंगाली संगीतकाराचं नाव घेतलं. पुढे किती सचिन जन्मले ते नव्वदीतल्या शिक्षकांना विचारा. सुनील गावसकरांनी मुलाचं नाव ठेवलं रोहन जयविश्व: रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ, तीन आवडते खेळाडू एका पाळण्यात. या बापांपैकी कुणी ॲप उघडलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात एक माणूस होता. तुमच्या डोक्यात कोण आहे? ग्रुपवर 'युनिक', 'क्यूट', 'ट्रेंडी', 'शॉर्ट' हे सगळं आलं. कुणाची आठवण म्हणून, कुणाच्या प्रेमाखातर, असं एकही नाव आलं नाही. मामांनी सुचवलेलं एक होतं, आपल्या आजीचं, त्यावर दोन हसऱ्या चेहऱ्यांपलीकडे कुणी काही बोललं नाही. आजीचं नाव भागीरथी होतं. तेही आज पुन्हा युनिक झालंय, बघा.

जुन्या लोकांची स्टाइल वेगळीच होती. मूल जगावं, दृष्ट लागू नये, काळानं ढुंकूनही पाहू नये म्हणून धोंडू, दगडू अशी नावं ठेवायचे. त्यातल्याच एका धोंडो केशव कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळालं. नावानं काही अडलं नाही. अडलं ते पोरींचं. लागोपाठ मुली झाल्या की शेवटचीला नकोशी म्हणायचे आणि शाळेच्या दाखल्यावरही तेच चढायचं. २०११ साली सातारा जिल्ह्यात सरकारी पुढाकारानं अशा दोनशेहून अधिक मुलींचं नव्यानं नामकरण झालं. कुणी देवीचं नाव घेतलं, कुणी ऐश्वर्या झाली. सिनेमातलं नाव घेतलं म्हणून त्या मुलींना मी हसणार नाही. नावाची हौस करण्याचा हक्क त्यांनी फार उशिरा मिळवला.

आणि आमचं, म्हणजे मधल्या पिढीचं काय? लग्नात ताटभर तांदूळ पसरून नवरदेवानं अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि माहेरचं नाव संपलं. माझंही तसंच. माहेरी येते तेव्हा आईच्या तोंडून जुनं ऐकू येतं, बाकी ते नाव कुठल्याच कागदावर नाही. वहिनी, तू स्वतःचं नाव बदललं नाहीस याचं मला फार बरं वाटलं होतं, तेव्हा बोलले नाही. तुझ्या लेकीचंही नाव पाळण्यापासून पेन्शनपर्यंत एकच राहील. म्हणून ही एवढी कटकट.

तेव्हा उरलेल्या गोष्टी कामाच्या. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. चारही शब्द सलग म्हणून बघा. मायरामागे तुम्हा दोघांची नावं आणि आपलं देशमुखी आडनाव कसं वाजतं ते कळेल. आणि घाई करू नका. जन्माची नोंद एकवीस दिवसांत व्हायला हवी, पण तीत बाळाचं नाव नंतर घालता येतं: बारा महिन्यांच्या आत फुकट, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. एवढ्या मुदतीत तिलाच विचारलंत तरी चालेल.

बारशाला मी आदल्या रात्रीच येते. घुगऱ्यांचे हरभरे भिजत घाला, वरवंटा घासून ठेवा, कुंची मी शिवली आहे. नाव मात्र मला मराठीत कागदावर लिहून द्या. आणि जन्मदाखला हातात आला की सही करण्याआधी दोन्ही लिप्यांतलं नाव मोठ्यानं वाचा, चूक असेल तर खिडकीवरून हलू नका.

तुमची ताई
(चिमीची आत्या)