पीडिताने रजा जपून वापरावी

वडोदऱ्यातल्या मकरपुऱ्याच्या कारखान्यातल्या कामगाराला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळते; लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १३५ब मालकाला पगार कापू देत नाही. त्याच कामगाराला कोणी भोसकले आणि दिवाळीपुऱ्याच्या न्यायालयातून साक्षीचे समन्स आले, तर मात्र तशी भरपगारी सुट्टी नाही. गैरहजर राहिला तर न्यायालय वॉरंट काढणार, हजर राहिला तर मालक खाडा मांडणार. अपवाद एकच म्हणावा असा: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरोधी २०१३च्या कायद्याच्या कलम १२नुसार तक्रार समितीच्या शिफारशीने तक्रारदार स्त्रीला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मिळू शकते. म्हणजे अन्याय व्हायचाच असेल तर तो कचेरीतच झालेला बरा. बाहेरच्या गुन्हेगारांनी याची नोंद घ्यावी.

साक्षीच्या दिवशी न्यायालयाच्या हजेरीपत्रावर भरपगारी सुट्टी द्यावी म्हटले, की मालकमंडळी म्हणतात, किरकोळ रजा असतेच की! असते, पण ती मुलाचा ताप आणि गावचे लग्न यांतच संपते, आणि खटल्याच्या तारखा काही मालकाला विचारून पडत नाहीत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत पक्षकाराच्या हाताबाहेरच्या कारणांसाठीही तहकुबीवर दोनदाची मर्यादा आहे खरी, पण त्या दोन तारखांनाही रजा लागतेच. दुसरा आक्षेप अशा सुट्टीच्या गैरवापराचा. न्यायालयाच्या शिक्क्याचे हजेरीपत्र मिळवण्यासाठी कोणी स्वतःला भोसकून घेईल, ही भीती उत्तरायणाला येणाऱ्या आजारपणाच्या अर्जांपेक्षा मोठी असेल, तर पुरावा मालकांनीच द्यावा. त्यासाठी त्यांना भरपगारी सुट्टी देऊ.