भिंतीवरची अक्षरं

बायबल-अभ्यासाच्या सॉफ्टवेअरला लोक उगाच नावं ठेवतात. परवा एका नव्या इंग्रजी भाषांतरात मत्तय 17:21 उघडायला गेलो, तर पडद्यावर पिवळा त्रिकोण आला: 'इशारा! संदर्भ अवैध. त्रुटी क्र. 0.' खाली एकच बटण, 'ठीक आहे'. ठीक नाही म्हणायची सोयच नाही. श्रद्धा म्हणतात ती हीच.

आता ते वचन सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, म्हणून बऱ्याच आधुनिक भाषांतरांत 20 नंतर थेट 22 येतं, हे एका ओळीत सांगता आलं असतं. पण मग अभ्यास कोण करणार? 1551 मध्ये रॉबर्ट एस्तिएनने नव्या कराराच्या वचनांना क्रमांक घातले, ते बहुधा या त्रिकोणाची सोय म्हणूनच. योएलचे हिब्रू प्रतीत चार अध्याय, आपल्याकडे तीन. चौथा मागितला की 'अज्ञात त्रुटी'. विनय बघा, चूक कुणाची हेसुद्धा सांगत नाही.

माझी नम्र सूचना एवढीच, की पुढच्या आवृत्तीत इशारे सरळ अरामी भाषेत द्यावेत. तशी परंपराच आहे. बेलशस्सर राजाच्या ऐन मेजवानीत भिंतीवर असेच चार शब्द उमटले. दरबारातल्या एकाही विद्वानाला ते लागेनात. शेवटी दानीएलला बोलवावं लागलं. त्याने अर्थ अगदी स्वच्छ सांगितला, आणि त्याच रात्री राजा मारला गेला.

तेव्हापासून प्रोग्रामर मंडळी अर्थ सांगायच्या फंदात पडत नाहीत.